सवलतीच्या तिकिटाचा कार्तिक

नंदिनी आणि अजित,

तुमची दोघांची पत्रं एकाच पाकिटात आली. आधी कामाचं लिहून टाकते. गुडघा बरा आहे. लोणचं एवढ्या लांब पाठवता येत नाही, फुटतं. आणि अजितच्या पावलाचं माप मला अजून मिळालेलं नाही, त्यामुळे मोजे अर्धेच राहिले आहेत.

आता नंदिनीच्या पत्राबद्दल. शनिवार-रविवारसाठी तुम्ही नवरा-बायको समुद्रकाठच्या एका गावी जाऊन आलात. तिकडे आगगाडी फार महाग, म्हणून स्वस्त तिकीट शोधण्यात कितीतरी संध्याकाळी गेल्या. कुठल्या वारी निघालं, कुठल्या वारी परतलं, कुठली गाडी टाळली म्हणजे भाडं उतरतं, हे सगळं जुळवलंत, आणि जुळलं तेव्हा दोघंही स्वयंपाकघरात नाचलात. ते वाचून मीही हसले. मग पत्राची घडी घालून मागच्या दारी जाऊन उभी राहिले.

आमच्या घरामागे भोरची वस्ती संपते. तिथे काही खाचरं अजून राहिली आहेत. या आठवड्यात ती कापायला आली. आंबेमोहोर हल्ली फारसं कुणी लावत नाही, पण त्यातल्या एका खाचरात तो आहे. सकाळी दव असेपर्यंत त्याचा वास मागच्या दारापर्यंत येतो आणि ऊन चढलं की विरतो. वास असा की घरात कुणीतरी नुकताच भात वाढला असावा, आणि जेवायला मात्र कुणी बसलेलं नसावं.

हा वास आला की माझ्या डोळ्यांपुढे पालीचा एक कार्तिक उभा राहतो, आणि त्या कार्तिकात आमच्या पायरीखाली उभी असलेली हौसा. यंदा वास आणि तुझं पत्र एकाच दिवशी आले, म्हणून लिहायला बसले. यात मोठी गोष्ट काही घडत नाही. एक बाई आगगाडीनं मुंबईला जाते आणि परत येते, इतकंच.

तेव्हा भोरचं संस्थान होतं. तुमचे आजोबा संस्थानच्या शाळेत मास्तर होते आणि त्यांची बदली राजगडाच्या पायथ्याला, पालीला झाली होती. दुसरी लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. मी पुण्याच्या इंग्रजी शाळेतून मॅट्रिक झालेली. डोक्यात इंग्रजी कविता होत्या, आणि बांधावरून पडल्याशिवाय चालता येत नव्हतं. नंदिनीची आई तेव्हा माझ्या पोटात होती.

पालीत सूर्य उशिरा येतो. गड आडवा असतो ना. बाकीच्या जगात सकाळ झालेली असायची आणि आमच्याकडे नुसता उजेड, ऊन नाही. त्या उन्हाआधीच्या उजेडात बायका विळे घेऊन खाचरांत उतरायच्या. कापणीचा आवाज मी तोवर कधी ऐकला नव्हता. गाय गवत ओरबाडते तसा, पण वीस जणींचा एकदम. मध्येच कुणीतरी मोठ्यानं काहीतरी बोलायचं, हशा उसळायचा, की पुन्हा तो आवाज. गड्यांपैकी निम्मे मुंबईच्या गिरण्यांत. त्यामुळे कापणी बायकांची आणि म्हाताऱ्यांची. सगळ्यांनी मिळून आज एकाचं रान उरकायचं, उद्या दुसऱ्याचं. याला सावड म्हणत. जिच्या रानात तुम्ही राबलात ती तुमच्या रानात येणार. यात पैशाचा संबंध नसे, पण एखादीचा खाडा झाला तर तो गावाच्या लक्षात राही.

आमच्या शेजारी केरबांचं घर. केरबा, त्यांची बायको आणि सून हौसा. मुलगा धोंडिबा मुंबईत गिरणीत. गणपतीला आणि शिमग्याला तेवढा यायचा. हौसा माझ्याच वयाची असेल. उंच, कोरड्या हातांची, आणि हसताना तोंडावर पदर घ्यायची, कारण पुढचा एक दात तुटका होता. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. मूल नव्हतं.

ती आमच्याकडे यायची ती पायरीच्या खाली उभी राहायची. वर ये म्हटलं तरी यायची नाही. मला वाटे, लाजते. पुढे कळलं, की मी पोटुशी, म्हणून ती आपण होऊनच सावली आवरून उभी राहते. कुणी तिला तसं सांगितलं नव्हतं, सांगावं लागलंच नव्हतं.

दिवाळी झाल्यावर एका संध्याकाळी ती तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, ममईला जायाला किती पडत्यात?"

"कुणाला जायचंय?"

"मला."

आणि मग पायाच्या अंगठ्यानं माती उकरत तिनं सांगितलं. सासऱ्यांनी दुसरी मुलगी बघितली होती. पलीकडच्या वाडीतली. मार्गशीर्षात बोलणी पक्की करायची होती.

"धोंडिबाला ठाऊक आहे?"

"त्यास्नी कोन इचारतंय? शिमग्याला येतील, तवा मांडव घातल्याला आसंल. मांडवात उभं ऱ्हाऊन मानूस न्हाई म्हनतंय व्हय?"

मी म्हटलं, "मी पत्र लिहून देते. तू सांग, मी लिहिते."

यावर ती हसली, पदर तोंडावर घेऊन. "कागूद वाचनार कोन बाई? येशवंता. त्यो मामंजींचा पुतन्या. आन त्यो वाचतो ते पार तमाशावानी, समदी खोली गोळा करून. माजं दुखनं म्या खोलीत वाटू?"

ती खोली म्हणजे पालीच्या गड्यांची मुंबईतली खोली. सगळ्यांनी मिळून भाड्यानं घेतलेली. एकाची ट्रंक उघडी राहिली तर दुसऱ्याला दार लावता येऊ नये, एवढीशी.

"म्या जाऊन त्यास्नी एकट्याला सांगते," हौसा म्हणाली. "ते वंगाळ न्हाईत. कुनी तोंडावर सांगितलं तर आयकत्यात. गनपतीला आले तवा मला म्हनले, हौसे, तुजा हात लई खरबरीत झालाय. आसं कोन बगतंय का, सांगा."

एवढंच तिच्याजवळ होतं. हात खरखरीत झाला असं म्हणणारा नवरा. त्याच्याशी घटकाभर एकटीनं बोलायला मिळालं, तर आपलं घर आपलं राहील अशी तिची खात्री होती. तुम्हाला हा भरवसा अपुरा वाटेल. मला वाटला नाही. मी तिच्याहून कमी भरवशावर लग्न केलं होतं.

भाडं मात्र तिच्या आवाक्यात नव्हतं. जाण्यापुरतं कसंबसं जमलं असतं, येण्याचं नाही. आणि चार-पाच दिवस सावडीला दांडी मारणंही शक्य नव्हतं.

आजोबांकडे पुण्याचं इंग्रजी वर्तमानपत्र यायचं. टपालवाला आठवड्याचे अंक एकदम आणून टाकायचा, म्हणून बातम्या शिळ्या असत. जाहिरातींना शिळेपणा नसतो. दुसऱ्याच दिवशी मी भाकरी थापताथापता ती चौकट वाचली: शनिवार-रविवारसाठी परतीचं सवलतीचं तिकीट. शुक्रवारी किंवा शनिवारी निघा, सोमवारपर्यंत परता, भाडं एकेरी भाड्याहून थोडंच जास्त. वर टोपी घातलेला एक साहेब आणि छत्री घेतलेली मडम डब्याच्या खिडकीतून हसत होती. ते तिकीट हवा खायला जाणाऱ्यांसाठी होतं. पण आम्ही कशासाठी जातो हे खिडकीवरचा कारकून कशाला विचारणार होता?

मी तवा उतरवून तशीच शेजारी गेले. तू स्वयंपाकघरात नाचलीस ना, नंदिनी. तसं नाचणं आमच्याकडे नव्हतं. हौसा खळं सारवत होती. तिनं शेणाचा हात कपाळाला टेकवला, म्हणून कपाळावर हिरवा डाग राहिला, आणि दिवसभर तो कुणी तिला सांगितला नाही.

"शनवार-आइतवार," ती पुन्हा पुन्हा म्हणाली. "आन आइतवारी त्यास्नी सुट्टी बी आस्ती!"

"म्हणून तर," मी म्हटलं.

आम्हा दोघींना ते देवानं जुळवून आणल्यासारखं वाटलं. भाडं स्वस्त तोच दिवस, नवरा मोकळा तोच दिवस. माझ्या माहेरी रविवार म्हणजे वडील घरी, दुपारी सगळीकडे शांत, आई दार लोटून त्यांच्याशी हळू आवाजात बोलत बसलेली. रविवार म्हटला की मला तेच दार दिसायचं. पालीत रविवारच नव्हता. सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही, अमावस्येला रानात जायचं नाही, एवढ्याच सुट्ट्या. सगळ्या गावाचा रविवार एका खोलीत कसा मावतो, हे तिनं पाहिलं नव्हतं आणि मीही नाही.

हौसानं कोंबड्या विकल्या. सासूला सांगितलं, नवं भात निघालंय, गड्यांना नव्याचा घास नेऊन देते, आणि मास्तरीणबाई सांगतात की गाडी स्वस्त झालीय. सासू केरबांना म्हणाली आणि केरबा काठी आपटत आमच्या अंगणात आले.

"बाई, परतीचं फुकाट देतात म्हनं?"

"फुकट नाही, केरबा. जाण्याबरोबर घेतलं तर स्वस्त पडतं."

"मंग आसं करा की. म्या जातो चालत, आन येताना त्या सवस्ताच्या गाडीत बसतो. जायाचं पैकं वाचलं."

"तसं चालत नाही. जाणं-येणं जोडीनंच घ्यावं लागतं."

"नवरा-बायकूवानी म्हना की." ते खूष होऊन हसले. मग गंभीर झाले. "सून एकली ममईला गेली तर लोक म्हनतील, केरबाचं पाय मोडलं व्हय? म्या बी येतो संगं. तसं माजं धोंड्यासंगं बोलनं हायेच. शिमग्याला सांगनार हुतो, आता जाऊन सांगतो. एवढं सवस्त केलंय तर सरकाराचं मन कशापायी मोडा?"

हौसा दारात उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली नव्हती. म्हाताऱ्याच्या पाठीकडे बघत होती, आणि ओठ हलत होते. ती हिशेब करत असावी. म्हातारा दुपारचा झोपतो. म्हातारा देवाला जाईल. म्हातारा ओळखीपाळखीच्या लोकांत रमेल. कुठंतरी घटकाभराची फट मिळेल. माणूस फटीवर फार भरवसा ठेवतं.

सावडीतल्या बायकांनी तिच्या पाळ्या वाटून घेतल्या. घेताना बोलल्याही. मी बांधावर बसले होते.

"जा बया, जा. गिरनीचं सूत घेऊन ये. पाळन्याची दोरी वळू."

"आगं, दोरी हाय घरात. पाळना आनाय सांग."

हौसा वाकून कापत होती. म्हणाली, "आनते की. तुजं थोरलं त्यात घालून निजवू, दिसभर बोंबलत आस्तंय." सगळ्या हसल्या आणि विळे पुन्हा चालू झाले. तिच्याइतकं जोरात कुणी हसलं नव्हतं.

शुक्रवारी उजाडताना सासरा-सून निघाले. नसरापूरपर्यंत पायी, तिथून मोटारीनं पुणं, शनिवारी दुपारची गाडी. मी हौसाला पुन्हा पुन्हा पढवलं होतं: तिकिटाचे दोन भाग असतात, मुंबईच्या दारावर एकच द्यायचा, दुसरा जपायचा. तिनं पदराची गाठ मारून दाखवली. केरबा म्हणाले, "गाठ माझ्याकडं ऱ्हाईल. बाईमानसाची गाठ सुटती." डोक्यावर नव्या तांदळाचं गठुळं. त्याच्या वासानं आमचं अंगण भरलं आणि ती दोघं वळणाआड गेली तरी थोडा वेळ तो तिथेच राहिला.

ते तीन-चार दिवस मी कसे काढले ते सांगण्यासारखं नाही, कारण मी काहीच केलं नाही. रविवारी दुपारी वाती वळत बसले आणि मनातल्या मनात त्यांना समुद्रावर नेलं. माझ्या मुंबईत समुद्र होता, बाक होते आणि केरबा नव्हते.

तुझ्या पत्रात एक ओळ आहे, नंदिनी. तू लिहितेस, 'समुद्र काही खास नव्हता, पाऊसच होता, पण दार लावून दोन दिवस आम्ही नुसते बोलत होतो.' ती ओळ मी दोनदा वाचली. एवढ्या संध्याकाळी घालवून तुम्ही स्वस्तात काय विकत घेतलंत, ते तुला कदाचित कळलेलंही नसेल. कळू नयेच. श्वास घेताना हवा कुठं मोजतो आपण.

मंगळवारी दुपारी हौसा परस्पर खाचरातच उतरली. त्या दिवशी आमच्या मागचंच रान होतं. घरी जाऊन भाकरी खाऊन ये म्हटलं तर म्हणाली, "लई दिस खाडा झाला बाई." मी बांधावर बसून राहिले. विचारलं नाही. कापताकापता तिनंच सांगितलं, एका ओळीचं कापून झालं की थोडं, मग पुढची ओळ. तोंड माझ्याकडे नव्हतं. मी ते तसंच, ऐकलं त्या क्रमानं सांगते.

शनिवारी दिवेलागणीला पोचले. गिरणी शनिवारी लवकर सुटते, त्यामुळे खोलीत गडीच गडी. सुनेला बघून सगळे उठून उभे राहिले, कुणी लुंगी सावरली, कुणी बाहेर गेला. धोंडिबानं बापाच्या पाया पडून पाणी आणलं. तिच्याकडे बघितलं आणि दुसरीकडे बघितलं. बापासमोर बायकोशी बोलायचं नसतं. तिनंही सासऱ्यासमोर नवऱ्याशी बोलायचं नसतं. हे तुम्हाला विचित्र वाटेल, पण आमच्याकडे चांगल्या घरची ती खूण होती, आणि केरबांचं घर चांगलं होतं. रात्री गडी जिन्यात आणि गच्चीत निजले, बाप-लेक खोलीत आणि तिला शेजारच्या एका म्हातारीकडे जागा दिली.

"आन आइतवार?"

"आइतवार," ती म्हणाली आणि पुढची ओळ कापून काढली.

रविवारी कुणीच कुठं गेलं नाही. सुट्टी ना. उलट गावाकडची माणसं आली म्हणून दुसऱ्या खोल्यांतूनही गडी आले. राजगड भागातला जो तो केरबांच्या पाया पडायला. पाऊस किती झाला, कुणाची म्हैस व्याली, कुणाचा बांध सरकला. मध्ये चूल, चुलीपुढे हौसा. नव्या तांदळाचा भात तिनं तीनदा टाकला तरी पुरेना. वास जिन्यापर्यंत गेला तसे वरच्या मजल्यावरचे कोकणी लोकही डोकावून गेले. सगळे म्हणाले, गावाची आठवण आली. एक जण जेवताजेवता रडला. धोंडिबा जेवला. तिनं वाढलेलं त्यानं पानात काही ठेवलं नाही.

"लई भरून वाटलं बाई, खोटं कशापायी बोलू. समदी म्हनली, धोंड्याच्या बायकूच्या हाताला चव हाय. त्यांनी मान वर केली न्हाई, पर कान लाल झालं हुतं."

दुपारी ती भांडी घेऊन खालच्या नळावर गेली. नळावर रांग. परत आली तेव्हा खोलीत एवढी माणसं, आणि कुणी बोलत नव्हतं. केरबा पान लावत होते. येशवंता खिडकीतून बाहेर बघत होता. धोंडिबा भिंतीला टेकून बसला होता. तिनं भांडी पालथी घालून ठेवली. एकेक. मग कुणीतरी म्हशीचा विषय पुन्हा काढला.

"तुला कुणी काही सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे? मानसं गप बसली की कळतंय."

सोमवारी पहाटेच पहिल्या पाळीचे गडी निघून गेले. येशवंताही गेला. धोंडिबाची पाळी दुपारची. खोली रिकामी झाली. हौसानं मला ती रिकामी खोली फार नीट सांगितली. दोरीवरचे सदरे, कोपऱ्यातल्या ट्रंका, आणि खिडकीतून जमिनीवर पडलेला उन्हाचा तुकडा. ती म्हणाली, तिला तोवर वाटलंच नव्हतं की ती खोली अशी असू शकते. दर दिवशी सकाळी ती अशीच असते, धोंडिबा दर दिवशी तिथं एकटा असतो. फक्त शनिवार-रविवारी नाही.

पण सोमवार उजाडला होता, आणि केरबांच्या मनात तिकिटाची धास्ती बसली होती. सोमवारी परतलं नाही तर तिकीट मरतं, एवढं मी सांगितलेलं त्यांनी ध्यानात ठेवलं होतं. गाडी दुपारची. आमच्याकडचा माणूस गाडीची वाट बघतो, गाडीला आपली वाट बघू देत नाही. त्यांनी चहासुद्धा घेऊ दिला नाही. सूर्य वर यायच्या आत तिघं स्टेशनात जाऊन फलाटावर बसले. एका बाजूला धोंडिबा, एका बाजूला हौसा आणि मध्ये केरबा, गठुळ्यावर हात ठेवून. समोरून कितीतरी गाड्या आल्या आणि गेल्या.

"पार घाम फुटला हुता बसून बसून. मंग गाडी लागली. मामंजी म्हनले, तांब्या भरून आनतो, तू जागा धर. आन गेले."

हौसाचा विळा थांबला.

"खिडकीपाशी ते उभं ऱ्हायले. म्या आत. मदी गज. मला म्हनले, हौसे, काय म्हनतीस? तोंड वर करून म्हनले, बाई. दोन दिसांत पैल्यांदा."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्या म्हनले, खालच्या खाचरात पानी साचलंय, भात आडवा झालाय."

  तिनं पेंढी बांधली, गाठ आवळली आणि म्हणाली, "एवढं मोटं बोलनं, बाई. त्येचं टोक कुठनं धरायचं ते घावंना. खाली मानसं पळत्यात, शिट्टी वाजती, हमाल वरडतोय. म्या भाताचं बोलले. ते म्हनले, येशवंताच्या बाला सांगून चर मारून घ्या. मग मामंजी आले."

पुढचं सगळं ठरल्यासारखं झालं. मार्गशीर्षात बोलणी, माघात लग्न. धोंडिबा लग्नापुरता आला आणि गेला. नवी सून लहानखुरी होती, घाबरट. विळा धरायला तिला हौसानंच शिकवलं. नंदिनीच्या आईच्या जन्मानंतर मी बारशाला हौसाला बोलावलं, ती आली नाही, पण मागच्या दारी नव्या तांदळाचं पीठ ठेवून गेली, बाळंतिणीच्या खिरीसाठी.

पुढे लढाई लागली. रेल्वेनं त्या सवलती बंद केल्या, आणि जरुरीशिवाय प्रवास करू नका अशा पाट्या स्टेशनांवर लागल्या. आमची बदली भोरला झाली. इथे नदी मोठी, बाजार मोठा, शाळा मोठी. मला इथे रविवार मिळाला. रविवारी दुपारी तुमचे आजोबा दार लोटून घेत आणि आम्ही बोलत बसायचो, बहुतेक वेळा घरखर्चाबद्दलच. कितीतरी वर्षं बसलो. त्यातला एकही रविवार मला हौसाशिवाय गेला नाही, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगून त्यांनी काय करायचं होतं?

पाली सोडताना मी तिला शेवटची भेटले ती खळ्यावर. झोडणी चालली होती. पेंढी खांद्यावरून उचलून दगडावर आपटायची, दाणे उडायचे, धुळीनं ऊन जाड झालं होतं. नवी सून बाजूला बसून सूप पाखडत होती, तिला दिवस गेले होते. हौसानं मला पाहिलं, पेंढी खाली ठेवली आणि बाजूला आली. नंदिनीची आई माझ्या कडेवर होती. हौसानं तिच्या पायाला बोट लावलं, तेवढंच.

मी न राहवून विचारलं, "हौसा, त्या खिडकीत तू काय सांगणार होतीस गं त्याला?"

तिनं पदरानं तोंड पुसलं. भाताची कुसं चिकटली होती, ती निघाली नाहीत.

"काय न्हाई बाई. म्हननार हुते, मला टाकू नगा."

आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून, मलाच समजावल्यासारखं, ती म्हणाली, "पर त्यांनी टाकलं कुठं? ही काय, घरातच हाय की म्या."

मग सासूनं हाक मारली, आणि ती पेंढी उचलायला गेली.